सोलापूर ते दिब्रुगड: अंतर किती, विमानाला वेळ किती?

होटगी रोडच्या विमानतळावरून नियमित विमाने सुरू झाल्यापासून सोलापुरात घरोघरी एक नवे गणित मांडले जाते. ९ जून २०२५ ला गोव्याची सेवा सुरू झाली, १५ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईची. तोवर लांबच्या प्रवासाचा विचार रेल्वे स्टेशनपासून सुरू व्हायचा. आता लोक आधी विमानतळाचे नाव टाकून बघतात.

आमच्या भागातल्या एका काकूंचा मुलगा आसामात दुलियाजानला तेल कंपनीत नोकरीला आहे. त्याला जवळचा विमानतळ दिब्रुगडचा. काकूंनी मोबाइलवर सोलापूर ते दिब्रुगड टाकून पाहिले. उत्तर आले: २,२४१ किलोमीटर, विमानाने सुमारे तीन तास. मग तिकिटे बघितली तर प्रवास बारा-तेरा तासांचा. काकूंचा प्रश्न सरळ होता: "तीन तासांचं अंतर आहे म्हणता, मग दिवस कुठे जातो?"

प्रश्न अगदी रास्त आहे. लहान शहरातून दुसऱ्या लहान शहरात जाणाऱ्या प्रत्येकाला तो पडतो, कारण अंतर आणि वेळ सांगणाऱ्या पानांवर जे आकडे असतात ते खरे असूनही आपल्या कामाचे नसतात. ते आकडे कुठून येतात ते कळले की तिकीट वाचता येते. म्हणून हाच मार्ग उदाहरणाला घेतो.

२,२४१ हा आकडा येतो कुठून?

प्रत्येक विमानतळाला नकाशावर एक ठरलेला बिंदू असतो. सर्वसाधारणपणे तो धावपट्टीच्या मध्याजवळचा असतो. सोलापूरचा बिंदू १७.६३ अंश उत्तर अक्षांश आणि ७५.९३ अंश पूर्व रेखांशावर आहे. दिब्रुगडचा विमानतळ शहराबाहेर मोहनबारीला, २७.४८ अंश उत्तर आणि ९५.०२ अंश पूर्वेवर. मोबाइलवरचे अंतर या दोन बिंदूंमधले असते. आपले घर, बसस्थानक, दुलियाजानची वसाहत यांचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

हे अंतर दहावीच्या गणितावर घरी काढता येते, आणि एकदा काढून पाहावेच असे माझे मत आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, मग तुम्ही कन्याकुमारीला असा की काश्मीरला. आपल्या दोन बिंदूंत अक्षांशाचा फरक ९.८५ अंश. म्हणजे दिब्रुगड आपल्यापेक्षा सुमारे १,०९३ किलोमीटर उत्तरेला आहे.

रेखांशाचे तसे नाही. सगळे रेखांश ध्रुवावर एकत्र येतात, त्यामुळे विषुववृत्तापासून वर जाऊ तसे दोन रेखांशांमधले अंतर आकसत जाते. किती आकसते हे अक्षांशाच्या कोसाइनवरून कळते. सोलापूर आणि दिब्रुगड यांच्या मधला अक्षांश साधारण २२.५५ अंश. त्याचा कोसाइन ०.९२३५. म्हणजे तिथे रेखांशाचा एक अंश १११ ऐवजी सुमारे १०२.५ किलोमीटरचा. फरक १९.०९ अंशांचा आहे, म्हणून दिब्रुगड आपल्यापेक्षा सुमारे १,९५७ किलोमीटर पूर्वेला.

आता पायथागोरस. १,०९३ चा वर्ग आणि १,९५७ चा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ काढले की २,२४२ येते. गोलाचे नेमके सूत्र वापरले तर २,२४१. कागद-पेन्सिलीवर इतके जवळचे उत्तर मिळते हे मला अजूनही फार सुंदर वाटते. वेगवेगळ्या संकेतस्थळांवर आकडा काही किलोमीटरनी इकडेतिकडे दिसला तर घाबरायचे कारण नाही. पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवांपाशी ६,३५७. कोणी सरासरी ६,३७१ धरतो, कोणी हा चपटेपणा हिशेबात घेतो.

एक घोटाळा मात्र मोठा होतो, तो मैलांचा. २,२४१ किलोमीटर म्हणजे साधे सुमारे १,३९२ मैल, पण सागरी मैल मात्र १,२१०. विमान वाहतुकीत सागरी मैल चालतो, कारण तो पृथ्वीच्या मापावरूनच निघाला आहे: अंशाचा साठावा भाग, म्हणजे १.८५२ किलोमीटर. एका पानावर १,३९२ आणि दुसऱ्यावर १,२१० दिसले तर अंतर तेच आहे, मोजपट्टी वेगळी आहे.

नकाशावरची सरळ रेघ

विमाने वाकडा मार्ग घेतात असे अनेकांनी ऐकलेले असते. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा घट्ट ताणला तर तो जिथून जातो तो सर्वांत जवळचा मार्ग. हाच मार्ग सपाट नकाशावर उतरवला की कमानीसारखा दिसतो. मुंबई ते न्यूयॉर्कला हा दोरा रशिया आणि स्कँडिनेव्हियाच्या अंगाने जातो, नकाशावरच्या रेघेपासून कितीतरी उत्तरेला.

पण आपल्या मार्गाला हे फारसे लागू नाही. सोलापूर–दिब्रुगडचे दोन्ही प्रकारे गणित केले, गोलावरचा दोरा आणि नकाशावरची रेघ, तर फरक दोन किलोमीटरांच्या आत येतो. आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आहोत आणि अंतरही खंड ओलांडण्याइतके नाही. देशातल्या देशात प्रवास करणाऱ्याने कमानीची चिंता करू नये. वेळ कुठे जातो याचे उत्तर तिथे नाही.

हा दोरा कुठून जातो ते मात्र पाहण्यासारखे आहे. सोलापूर सोडल्यावर तो उदगीरच्या आसपासून तेलंगणात शिरतो, निर्मलच्या बाजूने पुढे गडचिरोली जिल्ह्यावर येतो, छत्तीसगडात रायपूरच्या दक्षिणेने सरकतो, झारखंड आणि पश्चिम बंगाल ओलांडतो. मग बांगलादेशाचा उत्तर भाग, तिथून मेघालय आणि मग ब्रह्मपुत्रेचे खोरे. रस्त्याने किंवा रेल्वेने असे जाता येत नाही. गाडीला बांगलादेशाला वळसा घालून सिलिगुडीजवळच्या चिंचोळ्या पट्ट्यातूनच जावे लागते. ईशान्येकडे विमानाचा फायदा इतर कुठल्याही दिशेपेक्षा जास्त का आहे, ते इथे दिसते.

विमानसुद्धा दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. आकाशात ठरलेले मार्ग आणि नाव दिलेले बिंदू असतात. संरक्षण दलांच्या सरावाची क्षेत्रे असतात, ढगांचे मोठे मनोरे आले की वळावे लागते, आणि उतरताना वाऱ्याच्या दिशेप्रमाणे धावपट्टीचे योग्य टोक गाठायला फेरा घ्यावा लागतो. परक्या देशावरून जायचे तर त्याची परवानगी आणि शुल्क. ही परवानगी बंद झाली तर काय होते हे २०२५ च्या एप्रिल अखेरीस उत्तर भारताने पाहिले: पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या फेऱ्या लांबल्या. कोलकात्याहून ईशान्येकडे जाणारी विमाने बांगलादेशावरून जातात, ती सोय रोजची आहे आणि मोलाची आहे. एकूण पाहता प्रत्यक्ष उड्डाणाचे अंतर दोऱ्यापेक्षा काही टक्के जास्तच असते.

तीन तास कसे निघतात?

एअरबस ३२० सारखे जेट अकरा किलोमीटर उंचीवर ध्वनीच्या वेगाच्या ७८ टक्के वेगाने जाते. त्या थंडीत ध्वनीचा वेगही कमी असतो, त्यामुळे हिशेब सुमारे ८३० किलोमीटर ताशी इतका येतो. २,२४१ भागिले ८३० म्हणजे २ तास ४२ मिनिटे. पण विमान उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत त्या वेगाने जात नाही. चढताना वेग कमी, उतरताना कमी, जमिनीवर तर अगदी कमी.

उतरण्याचे गणित लक्षात ठेवण्याजोगे आहे. विमाने धावपट्टीकडे साधारण तीन अंशांच्या उताराने येतात. तीन अंश म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर. अकरा किलोमीटर उंचीवरून असे खाली यायचे तर उतरणे दोनशे किलोमीटर आधी सुरू करावे लागते. दिब्रुगडच्या विमानाने नागालँडच्या डोंगरांच्या बाजूला असतानाच इंजिनांचा जोर कमी केलेला असतो.

सोलापूरकरांना या तीन अंशांचा एक वेगळा अनुभव आहे. धावपट्टीच्या टोकापासून एक किलोमीटर मागे असताना विमान जमिनीपासून जेमतेम पन्नासेक मीटर वर असते. म्हणून विमानतळाच्या परिसरात उंच काय उभे आहे याला इतके महत्त्व. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली गेली, त्यामागे उड्डाणमार्गातल्या अडथळ्याचा हाच मुद्दा होता. कारखान्याचे सभासद, कामगार आणि शहर या सगळ्यांच्याच भावना त्यात गुंतल्या होत्या. विमानतळाची किंमत कोणी कोणी मोजली हे शहराने विसरू नये.

आता वेळापत्रकाकडे येऊ. तिकिटावर छापलेली वेळ म्हणजे हवेत असण्याची वेळ नव्हे. सुटण्याची वेळ म्हणजे विमान आपल्या जागेवरून हलते तो क्षण, आणि पोहोचण्याची वेळ म्हणजे ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर येऊन थांबते तो क्षण. मधले धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर पुन्हा सरकणे हे सगळे त्यात आले. शिवाय कंपन्या थोडा वेळ मुद्दाम वाढवून धरतात, म्हणजे रोजचा किरकोळ उशीर त्यात जिरतो.

या सगळ्याचा मिळून मी एक ठोकताळा वापरतो. जेट असेल तर किलोमीटरला ८०० ने भागायचे आणि अर्धा तास मिळवायचा. एटीआर ७२ सारखे पंख्याचे विमान असेल तर ४८० ने भागायचे आणि पंचवीस मिनिटे मिळवायची. सोलापूर–दिब्रुगड थेट जेट असते तर २ तास ४८ मिनिटे अधिक अर्धा तास, म्हणजे ३ तास १८ मिनिटे. काकूंना दिसलेले तीन तास इथून येतात.

हाच ठोकताळा सोलापूरच्या जवळच्या फेऱ्यांना लावला की आणखी एक गोष्ट कळते. सोलापूर ते गोव्याचा मोपा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ३०५ किलोमीटर. ही सेवा एटीआरने सुरू झाली, ज्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. भागाकार ३८ मिनिटांचा, पण एकूण वेळ तासाच्या पुढे. सोलापूर ते मुंबई ३६२ किलोमीटर. छोट्या जेटलासुद्धा सत्तावीस मिनिटांचा भागाकार, आणि प्रवास तासाभराचा. म्हणजे जवळच्या फेरीत जवळपास अर्धा वेळ अंतराचा नसतोच. विमान चढते न चढते तोच उतरायला लागते, वरचा वेग त्याला मिळतच नाही. लहान मार्गांवर एटीआर वापरणे शहाणपणाचे का, तेही यातून कळते: तीनशे किलोमीटरच्या मार्गावर जेट फार तर दहा मिनिटे वाचवते आणि इंधन मात्र बरेच जास्त पिते. उलट एटीआर भरल्या प्रवाशांनिशी साधारण दीड हजार किलोमीटरच्या पल्ल्यापर्यंतच जाते, त्यामुळे दिब्रुगड त्याच्या एका दमाचे नाही.

मुंबईच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. सगळी वर्दळ जवळजवळ एकाच धावपट्टीवर, तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमाने. गर्दीच्या वेळी वर घिरट्या घालाव्या लागल्या तर सोलापूरच्या तासाभराच्या प्रवासात त्या पंधरा मिनिटांचा भार फार जाणवतो.

वारा देतो, आणि दिल्यापेक्षा जास्त घेतो

जायला आणि यायला वेगवेगळा वेळ का लागतो हे लोकांना हमखास विचारावेसे वाटते. कारण वारा. थंडीच्या दिवसांत उत्तर भारतावर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो. त्याच्या गाभ्यात वेग ताशी दीडशे किलोमीटरच्याही पुढे जातो. विमान हवेच्या तुलनेत ८३० नेच जाते, पण हवाच पुढे सरकत असेल तर जमिनीवरचा वेग वाढतो.

समजा सगळ्या वाटेवर सरासरी १०० किलोमीटरचा वारा पाठीशी आहे. मग दिब्रुगडकडे जाताना वेग ९३० आणि हवेतला वेळ २ तास २५ मिनिटे. येताना तोच वारा समोरून, वेग ७३०, वेळ ३ तास ४ मिनिटे. एकाच वाटेवर चाळीस मिनिटांचा फरक.

इथे एक गंमत आहे. जाताना वाचलेला वेळ आणि येताना वाढलेला वेळ सारखे व्हायला हवेत असे वाटते. तसे होत नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन ५ तास २४ मिनिटे लागली असती, वाऱ्यात ५ तास २९ मिनिटे लागतात. पाच मिनिटांचा तोटाच. कारण समोरून वारा असताना विमान हळू जाते आणि त्या हळू चालीत जास्त वेळ अडकते. पाठचा वारा मदत करतो तो कमी वेळ करतो. वारा जितका जोराचा तितका हा तोटा वाढतो, आणि तो कुठल्याही दिशेच्या स्थिर वाऱ्याला लागू आहे.

पावसाळ्यात चित्र पालटते. जूनपासून दक्षिण भारतावर खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे झोत वाहू लागतो आणि पश्चिमेचा झोत हिमालयापलीकडे सरकतो. म्हणून डिसेंबरचे वेळापत्रक आणि जुलैचे वेळापत्रक एकाच मार्गावर पाच-दहा मिनिटांनी वेगळे दिसले तर ती छपाईची चूक नसते.

मग दिवस कुठे जातो?

आता काकूंच्या खऱ्या प्रश्नाकडे. सोलापूरहून दिब्रुगडला थेट विमान नाही, आणि दोन लहान विमानतळांमध्ये इतक्या लांबचे थेट विमान असण्याची शक्यताही कमी. रोज पावणेदोनशे माणसे सोलापूरहून दिब्रुगडला निघत नाहीत. म्हणून दोन्हीकडच्या प्रवाशांना मोठ्या विमानतळावर गोळा करून पुढे पाठवले जाते.

सोलापूरचा मोठा विमानतळ म्हणजे मुंबई. पण मुंबई आपल्या पश्चिमेला आणि दिब्रुगड पूर्वेला. आधी ३६२ किलोमीटर उलट्या दिशेने जायचे. मग मुंबई ते कोलकाता १,६६५ किलोमीटर, कोलकाता ते दिब्रुगड ८५२. बेरीज २,८७९. दोऱ्याच्या अंतरापेक्षा ६३८ किलोमीटर जास्त, म्हणजे सव्वापटीहून अधिक. यातला मोठा भाग नुसता मुंबईला जाऊन परत सोलापूरच्या रेखांशावर येण्यात जातो.

आता हैदराबादचा विचार करा. सोलापूर ते हैदराबाद विमानतळ सरळ रेषेत सुमारे २६८ किलोमीटर, आणि तेही पूर्वेकडेच. तिथून कोलकाता सुमारे १,२०८, पुढे ८५२. बेरीज २,३२८. दोऱ्यापेक्षा फक्त ८७ किलोमीटर जास्त! नकाशावर पट्टी ठेवून पाहा, हैदराबाद जवळपास वाटेतच आहे.

अंतराने हैदराबाद जिंकते. वेळेने जिंकते का? सोलापूरहून रस्त्याने हैदराबाद विमानतळाला पाच ते सहा तास, तिथे दोन तास आधी पोहोचायचे, कोलकात्याचे विमान दोन तासांचे, कोलकात्यात दोनेक तास थांबा, शेवटची फेरी दीड-पावणेदोन तासांची. तेरा-चौदा तास झाले. मुंबईमार्गे पाहिले तर होटगी रोडला दीड तास आधी, मुंबईपर्यंत तास, मुंबईत तीन तास, कोलकात्यापर्यंत पावणेतीन तास, तिथे दोन तास, शेवटी पुन्हा दीड-पावणेदोन तास, सामान मिळेपर्यंत अर्धा-पाऊण तास. साडेबारा तासांच्या आसपास. साडेपाचशे किलोमीटर जास्त उडूनही मुंबईचा मार्ग थोडा आधी पोहोचवतो, कारण हैदराबादचा पहिला टप्पा चाकांवरचा आहे.

म्हणूनच मला मनापासून वाटते की सोलापूरने मुंबईइतक्याच जोराने हैदराबादच्या विमानाची मागणी करावी. मुंबईला जायला आपल्याकडे वंदे भारत आहे, रात्रीची सिद्धेश्वर आहे. रेल्वेचे ४५५ किलोमीटर वंदे भारत साडेसहा-सात तासांत कापते, आणि ते शहराच्या मध्यात नेऊन सोडते. पण कोलकाता, भुवनेश्वर, गुवाहाटी, विशाखापट्टणम ही सगळी पूर्व दिशा मुंबईमार्गे गाठणे म्हणजे आधी पाठ फिरवून चालणे. पाऊण तासाचे एक एटीआर हैदराबादला गेले तर ती दिशा उघडेल. आपल्या चादरी आणि टॉवेलांचे ग्राहक, शिकायला बाहेर गेलेली मुले, लष्करात आणि तेल कंपन्यांत असलेले तरुण, यांच्यासाठी त्या एका फेरीचा अर्थ मोठा आहे.

साडेबारा तासांकडे परत बघू. त्यात हवेतला आणि जमिनीवर सरकण्याचा मिळून वेळ जेमतेम साडेपाच तास. उरलेले सात तास वाट पाहण्याचे. तिकीट निवडताना म्हणूनच विमानाचा वेग किंवा अंतर पाहू नका, मधला थांबा पाहा. फार मोठा थांबा त्रासाचा, पण फार लहान थांबा धोक्याचा.

धोका इथे आहे: छोट्या मार्गांवरची कंपनी आणि पुढची मोठी कंपनी वेगळ्या असतील आणि दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर पहिल्या विमानाला उशीर झाल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. सामानही मुंबईत पट्ट्यावरून उचलून, बाहेर येऊन, पुन्हा जमा करावे लागते. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर पुढची सोय कंपनीने करायची असते. वेगवेगळी तिकिटे असतील तर मुंबईत तीन तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नये असे मी सांगेन. आणि आता आणखी एक गोष्ट तपासायची: २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू आहे. पहिले विमान एका विमानतळावर उतरते आणि दुसरे दुसऱ्यावरून सुटते असे तिकीट निघाले, तर मधला टप्पा मुंबईच्या रस्त्यांवरचा असेल.

घड्याळ एकच, सूर्य वेगळा

देशभर एकच घड्याळ असल्यामुळे तिकिटावरच्या वेळा सरळ वजा करता येतात, परदेशाप्रमाणे तासांची भर-वजा करावी लागत नाही. पण सूर्य ते घड्याळ पाळत नाही. रेखांशाच्या एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो. आपल्यात आणि दिब्रुगडमध्ये १९ अंश, म्हणजे सव्वा तासाचा फरक. डिसेंबरात तिथे सूर्य साडेचारच्या आतच मावळतो, सोलापुरात तेव्हा लख्ख ऊन असते. आसामच्या चहाबागांनी यावर पूर्वीपासून तोडगा काढलेला आहे: बागांची घड्याळे भारतीय वेळेच्या एक तास पुढे चालतात. काकूंनी डिसेंबरात जायचे ठरवले आहे. पाच वाजता उतरणारे विमान घेतले तर मोहनबारी ते दुलियाजान हा रस्ता पूर्ण अंधारात होईल. दुपारी दोनच्या आत उतरणारे विमान मिळत असेल तर सोलापूरहून आदल्या रात्री रेल्वेने मुंबईला जाऊन सकाळचे पहिले विमान धरणे सोयीचे. एकूण वेळ त्यात वाढेल, पण तो रात्रीच्या झोपेत जाईल.

परतीचा हिशेब वेगळा करायचा. थंडीत पश्चिमेकडे येताना वारा समोर असतो, तेव्हा दोन्ही टप्प्यांत मिळून अर्धा-पाऊण तास जास्त धरा. सोलापूरचे विमान दिवसातून मोजक्याच वेळी असते, ते हुकले तर पुढचे त्या दिवशी मिळेलच असे नाही. काकूंना मी परतीसाठी मुंबईत दुपारपर्यंत उतरणारे विमान सुचवले आहे: सोलापूरचे विमान मिळाले तर उत्तम, चुकले तर चारच्या सुमाराची वंदे भारत, आणि तीही गेली तर रात्री साडेदहानंतरची सिद्धेश्वर, जी सकाळी सोलापूर स्टेशनात असते.